कॅड कट्टा : एसटीएल उघडली, पण फिलेट काही बसेना

यावेळी बरेच प्रश्न एकाच गोष्टीभोवती आलेत, बाहेरून आलेली मेश फाइल (वस्तूचा पृष्ठभाग नुसत्या त्रिकोणांच्या जाळीने दाखवणारी, बहुतेक वेळा एसटीएल) आणि तिच्यावर डिझाइनचं काम. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या टूलरूमपासून सराफ बाजारापर्यंत सगळ्यांना हाच त्रास आहे असं दिसतंय, म्हणून यावेळचा कट्टा सगळा त्यालाच दिला.

प्रश्न : नमस्कार दादा, मी अंबड एमआयडीसीत एका टूलरूममध्ये डिझाइनला आहे. कस्टमरने पंपाच्या बेअरिंग हाउसिंगची एसटीएल पाठवली, ६२०४ च्या जागी ६३०४ बेअरिंग बसवायचंय म्हणून ४७ चा बोअर (बेअरिंग बसायचं गोल भोक) ५२ चा करा, बाकी सगळं तसंच ठेवा म्हणाला. सॉलिड म्हणून इम्पोर्ट केली तर हजारो त्रिकोणी फेस आले. बोअरवर क्लिक केलं की एक बारीक पट्टीच सिलेक्ट होते, डायमेन्शन कुठे बदलायचं तेच कळत नाही, फिलेट (कडेची गोलाई) दिला की एरर. आणि बोअर मोजला तर एकदा ४७.०० येतो, एकदा ४६.८२. फाइल खराब आहे का?

उत्तर : फाइल खराब नाहीये भाऊ, आणि तुम्ही मोजलेले दोन्ही आकडे बरोबर आहेत. तुमच्या फाइलमध्ये गोल बोअर नाहीच मुळी, तिथे ३६ बाजूंचा बहुकोन आहे. समोरासमोरच्या कोपऱ्यांत मोजलं की ४७.००, समोरासमोरच्या सपाट पट्ट्यांत मोजलं की ४६.८२. ज्याने ही एसटीएल काढली त्याने एक्स्पोर्ट करताना अँगल टॉलरन्स (गोलाई किती अंशांच्या तुकड्यांत तोडायची ते) १० अंश ठेवला असणार, ३६० भागिले १०, झाल्या ३६ पट्ट्या. प्रत्येक पट्टी खऱ्या वर्तुळापासून मधोमध जवळजवळ ०.०९ मिमी आत येते. आता बेअरिंगच्या बोअरला तुम्ही एच७ (भोकाच्या व्यासाची टॉलरन्स श्रेणी) देणार, ४७ ला त्याची सूट शून्य ते २५ मायक्रॉन. म्हणजे व्यासात ०.१८ मिमीची नुसती फाइलमधली चूकच टॉलरन्सच्या सातपट झाली, मशीनचं तर अजून नावच नाही.

हे का होतं ते एकदा नीट समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. एसटीएल हा फॉरमॅट १९८७ च्या सुमारास थ्रीडी सिस्टिम्स कंपनीच्या स्टिरिओलिथोग्राफी मशीनसाठी बनला, त्या मशीनला थर कापायला पृष्ठभाग कुठून कुठे जातो एवढंच हवं होतं, म्हणून फाइलमध्ये फक्त त्रिकोण आहेत. बायनरी फाइलमध्ये सुरुवातीला ८० बाइटचं हेडर, मग ४ बाइटमध्ये त्रिकोणांची संख्या, मग दर त्रिकोणाला ५० बाइट, बस्स. यात होल नाही, फिलेट नाही, अक्ष नाही, शेजारचा त्रिकोण कोणता तेसुद्धा लिहिलेलं नाही. तुमचं कॅड सॉफ्टवेअर मात्र सिलेंडर, प्लेन, शंकू असे खरे पृष्ठभाग आणि त्यांच्या कडा यांवर चालतं. त्याला तुम्ही हजारो सुटे सपाट तुकडे दिलेत, तो फिलेट कुठल्या कडेला लावणार? द्राक्षाचा बेदाणा होतो, बेदाण्याचं द्राक्ष परत होत नाही, तसंच आहे हे.

आणि हीच फाइल कॅममध्ये (मशीनचा प्रोग्राम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) टाकून व्हीएमसी मिलिंग मशीनला दिलीत तर सॉफ्टवेअर त्याला होल म्हणून ओळखणार नाही, कंटूर घेतलात तर गोल इंटरपोलेशनऐवजी जी०१ च्या सरळ रेषांनी टूल फिरेल आणि जॉबवर खरोखर ३६ पट्ट्या उमटतील.

मग करायचं काय. सगळ्यात आधी कस्टमरला फोन लावा आणि स्टेप फाइल मागा, नाहीतर पॅरासॉलिड, या फॉरमॅटमध्ये खरे पृष्ठभाग असतात. बऱ्याचदा खरी फाइल त्यांच्याकडे असतेच, पाठवणाऱ्याने "थ्रीडी फाइल" म्हणून जे हाताला लागलं ते पाठवलेलं असतं, आणि आपण विचारायला संकोचतो म्हणून चार दिवस डोकं फोडत बसतो. मला विचाराल तर या फोनइतकं फायद्याचं काम या सगळ्यात दुसरं कुठलंच नाही.

नसेलच स्टेप, तर मेश कन्व्हर्ट करण्याच्या नादी लागू नका, मेशवरून मोजून नवं मॉडेल काढा. तुमचं हाउसिंग फिरवून-मिलिंग करून होणारं आहे, फ्लँज, बोअर, चार होल, दोन रिब, हे मोजून काढायला अर्धा दिवस लागेल, त्रिकोण शिवत बसलात तर आठवडा जाईल आणि शेवटी हातात काही बदलता न येणारा गोळा राहील.

मोजण्याआधी एक गोष्ट बघा, वायरफ्रेम चालू करा. सपाट भागावर मोजके मोठाले त्रिकोण आणि गोलाईवर लांब बारीक पट्ट्या दिसल्या तर ती मेश कॅडमधूनच निघालेली आहे. सगळीकडे सारख्या आकाराचे बारीक बारीक त्रिकोण असतील तर ती स्कॅनरची. हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण कॅडमधून निघालेल्या मेशमध्ये त्रिकोणांचे कोपरे खऱ्या पृष्ठभागावरच असतात, चूक फक्त मधल्या भागात असते, म्हणून एकमेकांपासून लांबचे तीन कोपरे धरून वर्तुळ काढलंत की बोअर बरोबर ४७ येतो. स्कॅनच्या मेशमध्ये उलटं, तिथे कुठल्याच एका कोपऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही, पुष्कळ पॉइंट घेऊन बेस्ट फिट वर्तुळ काढायचं.

पुढचं काम सेक्शनचं, म्हणजे मेश कापून आतला आकार बघायचं. मेश आधी नीट बसवून घ्या, मुख्य मशीन केलेला फेस एक्सवाय प्लेनवर, बोअरचा मध्य ओरिजिनला. हे केलं नाही तर पुढे प्रत्येक स्केच तिरकं येतं आणि आकडे ३०.०१७ असे विचित्र यायला लागतात. मग हव्या त्या उंचीवर मेश कापा. फ्यूजनमध्ये मेश सेक्शन स्केच आहे आणि त्यावर कर्व्ह फिट करायची सोय आहे, फ्रीकॅडच्या मेश वर्कबेंचमध्ये क्रॉस सेक्शन आहे. त्या रेषांवर तुमचं स्वतःचं स्केच काढा, डायमेन्शन द्या, आणि आकडा ३९.९८ आला तर डिझाइन करणाऱ्याने ४० च दिला होता हे धरून चाला, पण बेअरिंग आणि सीलच्या जागी अंदाज नको, तिथे कॅटलॉगचा आकडा घ्या. ६३०४ म्हणजे २० बाय ५२ बाय १५, ६२०४ ची जाडी १४ होती, म्हणजे बोअर मोठा करून भागणार नाही, सीटची खोलीही १ मिमी वाढणार आणि बाहेरची भिंत अडीच मिमीने पातळ होणार, हे कस्टमरला आत्ताच लिहून कळवा. "बाकी सगळं तसंच" हे बसेलच असं नाही.

कास्टिंगच्या भिंतीला ड्राफ्ट (साच्यातून सुटावं म्हणून दिलेला उतार) असतो, तो एका सेक्शनमध्ये कळत नाही. २० मिमीच्या अंतराने दोन सेक्शन घ्या, रुंदीत ०.७ मिमीचा फरक आला तर दर बाजूला १ अंश ड्राफ्ट आहे असं समजा. फिलेट अगदी शेवटी द्या. सगळं झालं की नवं सॉलिड आणि जुनी मेश एकावर एक ठेवून बघा, क्लाउडकम्पेअर हे फुकट सॉफ्टवेअर फरक रंगांत दाखवतं. आणि हो, मेश जर तयार कास्टिंगच्या स्कॅनची असेल आणि तुम्हाला पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) बनवायचा असेल तर ती आकसलेल्या मालाची मापं आहेत हे विसरू नका, ग्रे कास्ट आयर्नला साधारण १ टक्का, ॲल्युमिनियमला १.३ टक्के वाढवावं लागतं.

प्रश्न : सिन्नरहून लिहितोय. कपलिंगची एसटीएल आली, व्यास ४० हवा तर सॉफ्टवेअरमध्ये १.५७ दाखवतंय. स्केल किती करू?

उत्तर : २५.४. तुमचा आकडा नीट वाचलात तर १.५७४८ असेल, म्हणजे पाठवणाऱ्याने इंचात काढलीय. एसटीएलमध्ये युनिट लिहायची सोयच नाही, नुसते आकडे असतात आणि उघडणारं सॉफ्टवेअर आपल्या मनाने मिमी धरतं, इम्पोर्टच्या खिडकीत युनिट विचारलं जातं तिथे इंच निवडलंत तरी चालेल. १००० पट फरक आला तर मीटर, १० पट आला तर सेंटीमीटर. पण अंदाजाने स्केल मारू नका, ज्याचं माप पक्कं माहीत आहे असं एक तरी ठिकाण जॉबवर शोधा, स्टँडर्ड बोल्टचं होल, कीवे काहीही, आणि त्यावर ताडून बघा. पुढच्या वेळी मेशच लागणार असेल तर थ्रीएमएफ मागा, त्यात युनिट लिहिलेलं असतं.

प्रश्न : आमचं सराफ बाजारात चांदीच्या मूर्तींचं काम आहे. जुन्या पितळी देवीच्या मूर्तीचं स्कॅन करून घेतलं, त्यावरून कास्टेबल रेझिनमध्ये प्रिंट काढून चांदीत ओतायची आहे, खाली आमच्या मापाची बैठक जोडायची आहे. कॅडवाला म्हणतो फाइल फार जड आहे, उघडतच नाही, आणि उघडली तर भोकं दिसतात. शिवाय सॉफ्टवेअर जे वजन दाखवतं ते आमच्या हिशेबापेक्षा बरंच जास्त येतंय. मूर्ती १०० मिमीची आहे, गिऱ्हाइकाला १२५ ची पण हवी आहे.

उत्तर : तुमच्या कामाला वरच्या अंबडच्या उत्तरातलं जवळजवळ काहीच लागू नाही, हे आधी सांगतो. मूर्तीला सिलेंडर नाही, प्लेन नाही, तिचं परत कॅड मॉडेल बनवायचा हट्ट कोणी धरत असेल तर धरू देऊ नका. मूर्ती मेशच राहू द्या, बैठक तेवढी कॅडमध्ये मापाने काढा, बैठकीची एसटीएल बनवा आणि दोन्हीची जोडणी ब्लेंडरसारख्या मेशच्या सॉफ्टवेअरमध्ये करा. बैठक मूर्तीच्या पायाशी नुसती टेकवू नका, अर्धा-एक मिमी आत घुसवा आणि मग बूलियन युनियन (दोन्ही आकार एक) करा, टेकलेल्या पृष्ठभागावर बूलियन हमखास बिघडतं.

भोकं कुठे पडतात तर जिथे स्कॅनरची नजर पोचत नाही तिथे, काखेत, कानामागे, मुकुटाच्या खाली, हार आणि छाती यांच्या मधल्या फटीत. लहान भोकं आपोआप भरू द्या, मोठी भोकं मात्र आजूबाजूची गोलाई धरून भरावी लागतात, सपाट भरलं तर ओतल्यावर तिथे थापी मारल्यासारखा डाग दिसतो. आणि कृपा करून चेहऱ्यावर स्मूथ चालवू देऊ नका. पूर्ण मूर्तीवर एकदाच स्मूथ फिरवला की स्कॅनचा खरखरीतपणा जातो खरा, पण त्याबरोबर पापण्यांची कड, नथ, ओठांची रेघ सगळं बसतं, आणि देवीचा चेहराच हरवला तर बाकी मूर्ती कितीही स्वच्छ असून उपयोग काय. स्मूथ करायचं तर पाठ, वस्त्राचा मोकळा भाग, बैठकीजवळचा भाग, तेवढंच सिलेक्ट करून.

फाइल जड असण्याचं सांगायचं तर २० लाख त्रिकोण म्हणजे १०० एमबी. मेशलॅबमध्ये क्वाड्रिक एज कोलॅप्स नावाने जे डेसिमेशन (त्रिकोण कमी करायची सोय) आहे ते सपाट भागातले त्रिकोण आधी कमी करतं आणि जिथे नक्षी आहे तिथे ठेवतं, १०० मिमीच्या मूर्तीला ४-५ लाखांवर आणून चेहरा जवळून बघा, पापण्या शाबूत असतील तर अजून कमी करून बघा. प्रिंटरचा पिक्सेल ५० मायक्रॉनचा असेल तर २० मायक्रॉनचे त्रिकोण जपून काहीच मिळत नाही.

आता वजन. सॉफ्टवेअर प्रत्येक त्रिकोणापासून ओरिजिनपर्यंत एक चतुष्फलक धरून त्यांच्या आकारमानाची बेरीज-वजाबाकी करतं. म्हणून मुकुट, हार, हात हे वेगवेगळे बंद तुकडे असून एकमेकांत घुसलेले असतील, तर घुसलेला भाग दोनदा मोजला जातो. तुमचं वजन जास्त येतंय ते बहुतेक यामुळेच. सगळे तुकडे युनियन करून एकच कवच करा, मग आकारमान घ्या, घनसेंटीमीटरला १०.४९ ग्रॅम हा शुद्ध चांदीचा हिशेब, तुमच्या मिश्रणाप्रमाणे थोडा कमी. भोकं राहिलेली असतील किंवा काही त्रिकोण उलटे फिरलेले असतील तर हा आकडा काहीच्या काही येतो, म्हणून दुरुस्ती आधी आणि वजन नंतर. आणि १०० ची १२५ करताना गिऱ्हाइकाला भाव सांगण्याआधी हे लक्षात घ्या की उंची सव्वापट झाली तरी भरीव मूर्तीचं वजन १.९५ पट होतं, जवळजवळ दुप्पट. पोकळ ओतणार असाल तर भिंतीची जाडी स्केल केल्यावर ठरवा, आधी ठरवलीत तर तीही सव्वापट होऊन बसते.

प्रश्न : सर, मी आर्किटेक्चरची विद्यार्थिनी आहे, गंगापूर रोडला राहते. गोदाघाटाच्या एका भागाचा ड्रोन सर्व्हेचा मेश प्रोजेक्टसाठी मिळाला, २०२७ च्या कुंभमेळ्यातल्या गर्दीच्या वाटांवर काम करतेय. एसटीएल उघडली तर पायऱ्या दातेरी दिसतात, उंची बरोबर येते पण पायऱ्यांच्या कडा सरळच नाहीत, कुठे दोन पायऱ्या एक झाल्यात. ड्रोनवाले म्हणतात आमचा डेटा २-३ सेंटीमीटरपर्यंत अचूक आहे. मग हे काय आहे?

उत्तर : ड्रोनवाले खोटं बोलत नसावेत, गडबड एक्स्पोर्टमध्ये झालीय. फाइलमधल्या एखाद्या पॉइंटचे आकडे बघ. एक आकडा पावणेचार लाखांच्या आसपास आणि दुसरा २२ लाखांच्या पुढे असेल तर मेश यूटीएम कोऑर्डिनेटमध्ये (नकाशाच्या मीटरमधल्या आकड्यांत) आहे, नाशिक ४३ उत्तर झोनमध्ये येतं आणि आपलं नॉर्दिंग (उत्तर-दक्षिण आकडा) साधारण २२ लाख १२ हजार मीटर आहे. बायनरी एसटीएल प्रत्येक आकडा ३२ बिटमध्ये ठेवते, त्यात जेमतेम सात अंक मावतात. २२ लाखांच्या घरात दोन लागोपाठच्या आकड्यांत पाव मीटरचं अंतर असतं, म्हणजे उत्तर-दक्षिण दिशेला प्रत्येक पॉइंट जवळच्या २५ सेंटीमीटरच्या टप्प्यावर जाऊन बसला. पूर्व-पश्चिम आकडा लहान म्हणून तिथे टप्पा ३ सेंटीमीटरचा, आणि उंचीचा आकडा तर शेकड्यातलाच, म्हणून उंची तुला व्यवस्थित दिसतेय. घाटाची पायरी फूटभर रुंद धर, २५ सेंटीमीटरच्या टप्प्यात ती कशी टिकेल?

या फाइलवर आता कितीही मेहनत घेतलीस तरी गेलेले सेंटीमीटर परत येणार नाहीत, मूळ डेटा परत मागून घे. त्यांना सांग की लोकल ओरिजिन धरून द्या, म्हणजे सगळ्या पॉइंटमधून ठरलेला एक पूर्ण आकडा वजा करून, आणि तो वजा केलेला आकडा वेगळा लिहून द्या म्हणजे उद्या नकाशावर परत बसवता येईल. पॉइंट क्लाउड (नुसत्या बिंदूंचा डेटा) मिळाला तर उत्तमच, क्लाउडकम्पेअर असा डेटा उघडताना स्वतःहूनच ग्लोबल शिफ्ट विचारतं, हो म्हण.

आणि एवढं झाल्यावरही पूर्ण मेश कॅडमध्ये ओढून त्यावर प्लॅन काढू नकोस. नदीच्या प्रवाहाला काटकोनात सात-आठ सेक्शन घे, पायऱ्यांची रुंदी-उंची त्यावरून काढ, आणि टेप घेऊन घाटावर जाऊन दोन-तीन ठिकाणी प्रत्यक्ष मोज, कारण ड्रोनला शेवाळ, पाणी आणि छत्र्यांखालचं काही दिसत नाही आणि गर्दीचा पाय नेमका तिथेच घसरतो. तू निवडलेला विषय फार गरजेचा आहे, या मोजमापात कसूर ठेवू नकोस.

प्रश्न : सातपूरला छोटं युनिट आहे. एसटीएलवर काम करताना कॉम्प्युटर हँग होतो, डिझाइनचा मुलगा नवीन ग्राफिक्स कार्ड मागतोय. घेऊ का? की इंटरनेटवर फुकट एसटीएल ते स्टेप कन्व्हर्टर आहेत ते वापरू?

उत्तर : कार्ड आत्ता घेऊ नका. नुसती मेश फिरवून बघायला कार्डाचा उपयोग होतो, पण तुमचा मुलगा ती सॉलिड करत असणार आणि तिथे एक लाख त्रिकोणांचे एक लाख फेस, दीड लाख कडा तयार होतात, त्यांची टोपॉलॉजी (कोणता फेस कोणाला जोडलाय ते) जुळवायचं काम प्रोसेसरचा बहुधा एकच कोअर करतो. मेश म्हणूनच इम्पोर्ट करा, नाहीतर डेसिमेट करून काही हजारांवर आणा आणि मग सॉलिड करा.

फुकट कन्व्हर्टर बहुतेक एवढंच करतात की तेच त्रिकोण स्टेपच्या वेष्टनात घालून देतात, फाइल आणखी जड होते आणि बोअर बहुकोनच राहतो. फ्रीकॅडमध्ये शेप फ्रॉम मेश, मग सॉलिड, मग रिफाइन शेप केलंत तर निदान एकाच प्लेनमधले त्रिकोण एक होतात, सपाट फेसच्या जॉबला ते पुष्कळ आहे, गोलाईला नाही. फ्यूजनचं प्रिझमॅटिक कन्व्हर्शन खरे सिलेंडर ओळखतं, साध्या स्वच्छ जॉबवर चांगलं चालतं, पण लायसन्सप्रमाणे ते मिळतं किंवा मिळत नाही, आधी तपासा. दुसरं म्हणजे कस्टमरचं ड्रॉइंग अनोळखी वेबसाइटवर चढवण्याआधी त्याच्याशी केलेला गोपनीयतेचा करार काढून वाचा.

सॉलिड होतच नसेल तर एक सोपी तपासणी सांगतो. बंद मेशमध्ये प्रत्येक कडेला दोनच त्रिकोण लागतात, म्हणून त्रिकोणांची संख्या कायम सम येते. प्रॉपर्टीजमध्ये विषम आकडा दिसला की मेश कुठेतरी उघडी किंवा चिकटलेली आहे हे नक्की. सम आला म्हणून ती ठीकच आहे असं मात्र धरू नका, फ्रीकॅडचं इव्हॅल्युएट अँड रिपेअर किंवा ब्लेंडरचं थ्रीडी प्रिंट टूलबॉक्स चालवून नॉन-मॅनिफोल्ड कडा (जिथे दोनपेक्षा कमी किंवा जास्त त्रिकोण लागलेत) किती आहेत ते बघा, आणि त्या शून्य झाल्यावरच मुलाला पुढचं काम द्या.